एन्झाइम बंद पडलं की मोडलं? सांगलीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

९ डिसेंबर २०२४

एकदाचा विषय ठरला. गांडूळखत, दह्यातले जीवाणू आणि हळदीचा अर्क असे माझे तिन्ही विषय मॅडमनी बाजूला सारले. "दरवर्षी कुणी ना कुणी हेच करतं गं," म्हणाल्या. मग त्यांनीच सुचवलं: दारूवर वाढलेल्या यीस्टला साखर दिली की फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटेज या एन्झाइमचं काय होतं ते मोज. नाव लांबलचक आहे, म्हणून यापुढे नुसतं एफबीपेज लिहीन.

मला समजलं ते असं. यीस्टला साखर मिळाली नाही तर ते अल्कोहोलवर किंवा अॅसिटेटवर जगतं आणि लागणारं ग्लुकोज स्वतःच उलट्या वाटेने बनवतं. त्या उलट्या वाटेवर एफबीपेज लागतं. साखर आली की सुलट वाट सुरू होते. दोन्ही वाटा एकदम चालू राहिल्या तर एका हाताने घागर भरायची आणि दुसऱ्या हाताने ओतून द्यायची अशी गत होईल, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, फुकट जळत राहील. म्हणून पेशी एफबीपेज काढून टाकते. १९७१ मध्ये कार्लोस गान्सेडो यांनी दाखवलं की ग्लुकोज दिल्यावर तासाभरात त्याची क्रिया मोजता येण्यासारखी उरत नाही.

मला ओढ लागली ती पुढच्या प्रश्नाची. पेशीत हजारो जातींची प्रथिनं एकमेकांना खेटून असतात. त्यातलं नेमकं हेच कसं उचललं जातं?

१३ डिसेंबर

बाजारातल्या पाकिटातलं कोरडं यीस्ट आणलं, बेकरीवाले वापरतात तेच. थाळीवर रेघा ओढल्या. दोन दिवसांत वसाहती आल्या, पण सगळ्या सारख्या नाहीत. काही अगदी बारीक, टाचणीच्या डोक्याएवढ्या. मला वाटलं, दुसरंच काहीतरी शिरलं. मॅडम म्हणाल्या, ग्लिसरॉलच्या थाळीवर टाकून बघ. बारीकवाल्या तिथे वाढल्याच नाहीत. म्हणजे त्या 'पेटिट': ज्यांच्या मायटोकाँड्रियाचं (पेशीतल्या ऊर्जाघरांचं) काम बिघडलंय अशा पेशी. त्या साखरेवर तग धरतात, पण अल्कोहोलवर नाही. माझा सगळा प्रयोग अल्कोहोलवर, त्यामुळे मोठ्या वसाहतींपैकीच एक उचलली.

२० डिसेंबर

माध्यम: यीस्ट अर्क, पेप्टोन आणि २ टक्के इथेनॉल. वाढ फारच संथ. ग्लुकोजवर दीड-दोन तासांत दुप्पट होणारं यीस्ट इथे सुस्तावल्यासारखं वागतंय. संध्याकाळी पाचच्या एसटीने तासगावला जायचं असतं आणि फ्लास्क तेव्हाच कुठे गढूळ व्हायला लागलेला असतो. शेवटी वेळापत्रकच फिरवलं. संध्याकाळी टाकायचं, सकाळी येऊन वापरायचं.

एक गोष्ट आत्ताच पक्की करून ठेवते: फ्लास्क दरवेळी तेवढाच वेळ वाढवायचा. वाचताना कळलं की या एन्झाइमच्या शेवटाबद्दल दोन गट बरीच वर्षं वाद घालत होते. १९९१ मध्ये चिआंग आणि शेकमन यांनी दाखवलं की ते व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, जाऊन मोडतं. पुढे श्टुटगार्टच्या डीटर वोल्फ यांच्या गटाने दाखवलं की ते प्रोटिएझोममध्ये, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रात, मोडतं. दोघांचंही बरोबर निघालं. थोडा वेळ उपाशी ठेवलेल्या पेशी एक वाट धरतात, आणि अॅसिटेटवर दोन-तीन दिवस काढलेल्या दुसरी. कुणी शनिवारचा फ्लास्क सोमवारी वापरला तर प्रयोगच बदलला म्हणायचा.

३ जानेवारी २०२५

पहिलं मोजमाप. पूर्ण फसलं. चूक माझीच, आणि तीही लाज वाटावी अशी.

एफबीपेज आपल्या रेणूवरचा एक फॉस्फेट काढतं. तो सुटलेला फॉस्फेट फिस्के-सुब्बाराव पद्धतीने मोजायचा: मोलिब्डेट घालायचं, निळा रंग येतो, कलरीमीटरवर (रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रावर) ६६० नॅनोमीटरला वाचायचा. १९२५ ची पद्धत. त्यातले सुब्बाराव म्हणजे भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. नाव बी.एस्सी.ला पाठ केलं होतं, पण ते आपल्याकडचे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तर सगळ्या नळ्या एकदम गडद निळ्या. जिच्यात रंग यायलाच नको त्या कोऱ्या नळीसकट! दहा मिनिटं मी खुशीत होते, मग लक्षात आलं. पेशी फोडायला मी फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) वापरला होता. फॉस्फेट मोजायचा आणि फॉस्फेटमध्येच बुडवायचा. मामा (आमचे लॅब अटेंडंट) मागून म्हणाले, "रंग तर झकास आलाय की!"

४ जानेवारी

आता फॉस्फेट नसलेला ट्रिस बफर. पण पेशीच्या आतला फॉस्फेट उरतोच. सिरिंजमध्ये जी-२५ चा छोटा स्तंभ भरला आणि अर्क त्यातून सोडला. मोठी प्रथिनं आधी बाहेर, फॉस्फेट मागे राहतो. कोरी नळी बरीच फिकी झाली.

दुसरी अडचण अशी की यीस्टमध्ये इतरही फॉस्फेटेज (फॉस्फेट तोडणारी एन्झाइमं) असतात. व्हॅक्युओलमधलं अल्कलाइन फॉस्फेटेज दिसेल त्याचा फॉस्फेट तोडतं. मग रंग कुणामुळे आला हे कसं सांगायचं? खऱ्या एफबीपेजला एएमपी नावाचा छोटा रेणू रोखतो, इतरांना नाही. म्हणून जोडीने एएमपी घातलेली नळी ठेवायची आणि वजा करायची. मी जोडी लावून बसले तोवर मॅडम आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "एएमपीवर फॉस्फेट नसतो का?" असतो की! तो 'दिसेल ते तोडणारा' एएमपीचाही तोडणार. म्हणजे नुसत्या एएमपीची आणखी एक नळी, एकूण तीन. आता प्रत्येक वेळेच्या नमुन्याला तीन नळ्या, आणि प्रत्येकीच्या दोन प्रती. हात दुखतात, पण आकड्यावर विश्वास बसतो.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत. आईने तिळगुळाचा डबा दिला, तो प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत अर्धा झाला. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, गाडी पाऊण तास अडकली.

आजची गंमत बर्फाची. यीस्टची भिंत दणकट असते. काचेचे अर्ध्या मिलिमीटरचे मणी घालायचे, अर्धा मिनिट व्हॉर्टेक्सवर हलवायचं, अर्धा मिनिट बर्फात ठेवायचं, असं आठ वेळा. कॉलेजचं बर्फाचं यंत्र बंद आहे. म्हणून गेटाबाहेरच्या रसवंतीवरून बर्फ आणते. काकांनी पहिल्यांदा पोत्यात गुंडाळलेली अख्खी लादी दिली होती, आता पिशवीत फोडून देतात. आज विचारलं, "रोज एवढा बर्फ कशाला लागतोय गं पोरी?" मी म्हटलं, यीस्ट गार ठेवायला. त्यांचा काही विश्वास बसला नाही.

बर्फ कमी पडला तर काय होतं तेही आज पाहिलं. एक अर्क अर्धा तास टेबलावरच राहिला. त्याची क्रिया बर्फातल्याच्या निम्म्यावर आली. ग्लुकोज तर दिलंच नव्हतं! पेशी फोडली की व्हॅक्युओलही फुटतं, आणि एरवी पिशवीत कोंडलेले प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) मोकाट सुटून नळीतलं सगळं खायला लागतात. पेशीने निवडून मोडलेलं प्रथिन आणि माझ्या हलगर्जीपणाने नळीत खाल्लं गेलेलं प्रथिन, कलरीमीटरला दोन्ही सारखीच. आता बफरमध्ये प्रोटिएजना रोखणारं पीएमएसएफ. तेही आयत्या वेळी घालायचं, कारण पाण्यात ते काही तासांतच निकामी होतं.

२२ जानेवारी

पहिला नीट आलेख. शून्य मिनिटाची क्रिया १०० धरली. २ टक्के ग्लुकोज घातल्यावर: ५ मिनिटांनी ५६, ३० मिनिटांनी ३१, ६० मिनिटांनी ८.

मी खूश. मॅडमनी आलेख बघितला आणि पहिल्या दोन बिंदूंमधल्या उतारावर पेन्सिल ठेवली. "पाच मिनिटांत निम्मं मोडलं?"

आणि तिथेच माझं सगळं आकलन हललं. मी इतके दिवस 'क्रिया गेली म्हणजे प्रथिन गेलं' असं धरून चालले होते. मी प्रथिन मोजतच नाही, मी त्याचं काम मोजते. कामगार गैरहजर आहे की हजर राहून हात बांधून बसलाय, हे हजेरीपट न बघता कसं सांगणार? वाचलं तर १९८० सालीच लेंझ आणि होल्झर यांनी हा पहिला टप्पा वेगळा काढलेला. ग्लुकोज मिळताच एफबीपेजच्या ११ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट चिकटतो आणि एन्झाइम मंदावतं. हे उलटवता येतं. मोडणं नंतर होतं, आणि ते उलटत नाही.

(हेल्मुट होल्झर फ्रायबुर्गचे. या सगळ्या प्रकाराला 'कॅटाबोलाइट इनॅक्टिव्हेशन' हे नाव त्यांनीच १९७६ मध्ये दिलं. नावात 'मोडणं' नाही, 'निष्क्रिय होणं' आहे. माझ्यापेक्षा माणूस सावध.)

आणखी एक, ते पाच मिनिटं म्हणजे खरी पाच नाहीत. बर्फात ओतून सेंट्रिफ्यूज करण्यात तीन मिनिटं जातात. वहीत तसं लिहून ठेवलं.

५ फेब्रुवारी

हजेरीपट कसा बघायचा? एफबीपेजलाच ओळखून चिकटणारी अँटीबॉडी आणायची तर पैसे नाहीत. प्रोटिएझोम रोखणारं एमजी-१३२ महाग, आणि साध्या यीस्टवर त्याचा फारसा उपयोगही नाही: आत शिरलेलं औषध पेशी पीडीआर५ नावाच्या पंपाने बाहेर फेकते.

मग गान्सेडोंचीच जुनी युक्ती. ग्लुकोज धुऊन टाकायचं, पेशी परत इथेनॉलमध्ये ठेवायच्या, आणि सोबत सायक्लोहेक्झिमाइड द्यायचं. हे औषध *स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस* हा जीवाणू बनवतो. ते यीस्टच्या रायबोसोमना (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांना) अडवतं, नवीन प्रथिन बनूच देत नाही. (विषारी आहे. हातमोजे घालूनच.) आता क्रिया परत आली तर एन्झाइम तिथेच होतं, नुसतं बंद होतं. परत आली नाही, तर ते शिल्लकच नाही.

पाच मिनिटं ग्लुकोज दिलेल्या पेशी: धुतल्यावर ५६ वरून ८८ पर्यंत परत आल्या, औषध असतानाही.

साठ मिनिटंवाल्या: ९. दोन तासांनी पाहिलं, तरी ९. औषध न दिलेल्या जोडीच्या फ्लास्कमध्ये मात्र संध्याकाळपर्यंत क्रिया पुन्हा चढायला लागली. म्हणजे पेशीला एन्झाइम नव्याने बनवावं लागलं.

आज एसटी चुकली तरी काही वाटलं नाही.

१४ फेब्रुवारी

वर्गातल्या मुली फुलं घेऊन फिरत होत्या, मी युबिक्विटिनवर वाचत बसले. टिपणं थोडक्यात.

मोडायचं प्रथिन ठरलं की त्याला युबिक्विटिनची साखळी चिकटवली जाते. युबिक्विटिन ७६ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन. यीस्टच्या आणि आपल्या युबिक्विटिनमध्ये फक्त तीन अमिनो आम्लांचा फरक. चिकटवायला तीन एन्झाइमांची साखळी, ई१, ई२ आणि ई३. खरी पारख ई३ ची: कुणाला चिकटवायचं ते हे ठरवतं. मग प्रोटिएझोम त्या प्रथिनाची घडी उलगडून पिंपासारख्या पोकळीत ओढतं आणि तुकडे करतं. युबिक्विटिन आधी सोडवून परत वापरतं. याच कामासाठी सीखानोव्हर, हर्शको आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल.

एफबीपेजसाठीच्या ई३ चं नाव जीआयडी (ग्लुकोज-इंड्यूस्ड डिग्रेडेशन). ज्या म्यूटंट (जनुक बिघडलेल्या) पेशींत ग्लुकोज देऊनही एफबीपेज मोडत नव्हतं त्यांच्यावरून हे नाव पडलं. हा बऱ्याच भागांचा संच. त्यातला पारखी भाग म्हणजे जीआयडी४. मला सगळ्यात आवडलेलं हे: अल्कोहोलवर असताना बाकीचा संच तयार होऊन बसलेला असतो, पारखी मात्र नसतो. ग्लुकोज आलं की जीआयडी४ बनतं, संचाला जोडलं जातं, आणि काम झाल्यावर तेही मोडलं जातं.

आणि ओळखतं कशावरून? प्रथिनाच्या अगदी टोकावरच्या प्रोलीन या अमिनो आम्लावरून. एफबीपेज बनतं तेव्हा सुरुवात मिथिओनीन-प्रोलीन अशी असते. मिथिओनीन कापलं जातं आणि प्रोलीन टोकाला येतं. उलट्या वाटेवरचे आयसोसायट्रेट लायेज आणि एमडीएच२ या एन्झाइमांचंही टोक प्रोलीनच. त्याच वाटेवरच्या पेप-कार्बोक्झिकायनेजमध्ये प्रोलीन दुसऱ्या जागेवर. हे २०१७ मध्ये कॅलटेकच्या अलेक्झांडर वार्शाव्स्की यांच्या गटाने दाखवलं. २०२१ मध्ये म्युनिकजवळच्या मॅक्स प्लांक संस्थेत ब्रेंडा शुलमन यांच्या गटाने तर चित्रच काढलं: जीआयडीचे दोन संच जोडून एक लांबट कडं तयार होतं, आणि चार भागांचं एफबीपेज मध्ये ठेवून दोन जीआयडी४ त्याला दोन बाजूंनी धरतात.

आमच्याकडे बेदाणा निवडायला बायका बसतात तेव्हा आजी देठाकडून बघते. "दाण्याचं पोट सगळं सारखंच दिसतं, देठ खोटं बोलत नाही." आज सारखी तीच आठवत होती.

२४ फेब्रुवारी

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतून मॅडमच्या ओळखीने दोन तिरप्या नळ्या आल्या: बीवाय४७४१ हा नेहमीचा वाण, आणि त्याचाच जीआयडी४ काढून टाकलेला. आता माझं बेकरीचं यीस्ट बाजूला. त्याचे गुणसूत्रांचे संच किती हेही धड माहीत नसतं, त्यात एखादं जनुक काढण्याच्या गोष्टी कशाला.

८ मार्च

सांगलीत ऊन आताच असं की बर्फ गेटापासून वर येईपर्यंत निम्मा. दोन्ही वाण, चार वेळांचे नमुने (०, ५, ३०, ६० मिनिटं), प्रत्येकी तीन नळ्या, दोन प्रती. अठ्ठेचाळीस नळ्या. मामांनी घड्याळ धरलं आणि मिनिटं ओरडून सांगितली. त्यांच्याशिवाय जमलंच नसतं.

साधा वाण: १००, ५८, ३३, १०.

जीआयडी४ नसलेला: १००, ६१, ५७, ५८.

शेवटचा आकडा मी तीनदा वाचला. पहिली पायरी दोघांतही तशीच, कारण फॉस्फेट चिकटवणारं यंत्र दोघांतही शाबूत आहे. त्यानंतर एक घसरत जातो आणि दुसरा आहे तिथेच उभा. मग धुऊन, सायक्लोहेक्झिमाइड घालून ठेवलं. जीआयडी४ नसलेला वाण तासभर ग्लुकोजमध्ये राहूनही ९० पर्यंत परत आला. एन्झाइम सगळा वेळ तिथेच होतं. साधा वाण १० वर तो १० वरच.

मॅडमनी या वेळी पेन्सिल ठेवली नाही. "परत कर," एवढंच म्हणाल्या.

९, १०, ११ मार्च

परत केलं. दोनदा जमलं. एकदा मधेच लाईट गेली, शेकर तासभर बंद राहिला, तो सोडून दिला.

१२ मार्च

उद्या होळी, वर्ग रिकामे. बर्फ आणायला गेले तर काकांनी गाठलंच. "शेवटी करतीस काय ते तर सांग." मी सांगितलं: उपाशी यीस्टला साखर पाजते आणि बघते, ते आतलं काय टाकून देतं. ते म्हणाले, "मग विकतची साखर कशाला? आमचा रस पाज की."

हसून निघाले, पण जिन्यापर्यंत येता येता वाटलं, का नाही? उसाच्या रसातली साखर म्हणजे मुख्यतः सुक्रोज. यीस्ट ती तशीच आत घेत बसत नाही. पेशीच्या भिंतीजवळचं इन्व्हर्टेज तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि ते आत जातात. परत खाली गेले, आलं-लिंबू न घालता एक ग्लास मागितला. पैसे घेतले नाहीत. मलमलीतून दोनदा गाळला, साखर २ टक्क्यांच्या आसपास येईल इतका पातळ केला. रसातला फॉस्फेट नडेल म्हणून पेशी जास्त वेळा धुतल्या.

साधा वाण, साठ मिनिटं: १३. जीआयडी४ नसलेला: ६०.

प्रबंधात हे जाणार नाही, रसात काय काय असतं त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. वहीत मात्र आलेख चिकटवलाय. जाताना काकांना सांगितलं, तुमचा रस चालला. ते म्हणाले, "चालणारच की," आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी चरक्यात ऊस घातला.